औषधाचं पाणी

मोठी गोष्ट सांगायची तर माणसानं हात धुऊन, समोर बसून सांगावी. मुकादमबाईंच्या सुनेनं ती सांगितली खुराड्यात अर्धी वाकून, सासूकडे पाठ करून, काखेत एक कोंबडी उलटी दाबून धरलेली असताना. "आई, मी लग्न करायचं म्हणतेय," असं ती त्या कोंबडीच्या शेपटीखालची पिसं बाजूला सारत म्हणाली. पुढे आठवडाभर बाई हेच धरून बसल्या. लग्न करतेस ते कर बाई, पण घरात एवढी मोठी बातमी फुटायची, आणि ती सासूच्या आधी कोंबडीच्या बुडाला कळायची, ही कुठली रीत म्हणायची?

मुकादमबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात त्यांनी उभी हयात काढली. आधी चादरी पिळल्या, मग पिळणाऱ्या बायकांवर त्या मुकादम झाल्या, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. शाळेचं तोंड त्यांनी जेमतेम पाहिलेलं. सही करायची तर जीभ दातांत धरून करत. पण वाफेनं भरलेल्या त्या दालनात कोण बाई आज रडून आली आहे आणि कोण नुसतं डोकं दुखतंय म्हणून सोंग करतेय, हे त्या पाठीवरून ओळखत. सुनेच्या पाठीवरूनही त्यांनी ते ओळखायला हवं होतं. नाही ओळखलं, ही खरी बोच होती.

घरात आता दोघीच. बाईंचा एकुलता एक मुलगा वायरमन होता. खांबावर चढला आणि उतरला तो दुसऱ्यांच्या हातांवर. त्यानंतर सगळे धरून चालले की सून माहेरी जाईल. ती गेली नाही. गाद्यांच्या कारखान्यात शिवणकाम धरलं, सकाळी सासूच्या गुडघ्यांना तेल चोळून कामावर जायची, संध्याकाळी परत यायची. बाईंनी तिला कधी 'राहा' म्हटलं नाही. म्हणायची वेळच आली नाही, आणि मग त्यांना वाटू लागलं की हे असंच असतं.

परसात कोंबड्या होत्या त्या मुलाच्या हौसेच्या. खुराडं त्यानंच ठोकलेलं, तारा गुंडाळून येतात त्या लाकडी रिळांच्या फळ्यांचं. फळ्यांवर अजून काळे आकडे दिसायचे. एक कोंबडी सगळ्यांना टोचून दाण्यावरून हाकलायची, तिचं नाव त्यानं 'सासू' ठेवलं होतं आणि आईसमोर बिनदिक्कत हाक मारायचा. एक करड्या ठिपक्यांची, तिला तो पिल्लू असताना हत्यारांच्या पिशवीत घालून घेऊन आला होता, पक्कड आणि चिकटपट्टीच्या मध्ये. ती ठिपकी. तो गेल्यावर कित्येक दिवस ती संध्याकाळी फाटकापाशी जाऊन उभी राहायची. बाई म्हणत, दाण्यासाठी उभी राहते, बाकी काही नाही. पण म्हणताना तिकडे बघत नसत.

आता नवरा मुलगा कोण, तर एक चष्मेवाला. कारखान्यात बायकांचे डोळे तपासायला आला होता. सुनेला म्हणाला, तुमची नजर उत्तम आहे, चष्म्याची गरज नाही. आणि एवढं सांगून झाल्यावर तीच उत्तम नजर पुन्हा पुन्हा तपासायला येत राहिला. बाईंचं म्हणणं असं, की गिऱ्हाईक करता आलं नाही म्हणून त्यानं बायको करायचं ठरवलं. माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. वाईट असता तर चार शब्दांत वाटेला लावला असता. त्याचं दुकान मात्र दूरच्या शहरात, गाडीनं जायला दिवस मोडायचा. म्हणजे सून जाणार ती जाणारच. सणावाराला तोंड दाखवेल, पत्ता बदलला की फोन करेल.

पण सुनेनं एक अट घातली होती, आणि ती तिनं स्वतःलाच घातली होती. कोंबड्या आजारी होत्या. अंडी कमी झालेली, तुरे फिकट पडलेले, हातात घेतलं की छातीचं हाड सुरीसारखं लागायचं. लग्नाची बातमी सांगताना ती शेपटीखाली जे बघत होती ते हेच. शिटेत पांढरी दोऱ्यासारखी हालचाल तिला दिसली होती. जनावरांच्या डॉक्टरनं सांगितलं, पोटात जंत आहेत, आणि फार आहेत.

"कोंबड्या बऱ्या झाल्या की जाईन," सून म्हणाली. "त्यांना तसंच तुमच्या गळ्यात टाकून नाही जायची. तुमच्यानं खुराड्यात वाकवतं तरी कुठे?"

बाईंनी नाक मुरडलं. आमच्या वेळी कोंबड्यांना जंत असायचेच, म्हणाल्या, लसूण ठेचून घातला की झालं, डॉक्टर कुणी बघितलाय. पण रात्रभर ते वाक्य त्यांच्या डोक्यात फिरत राहिलं. कोंबड्या बऱ्या झाल्या की.

डॉक्टरनं औषध दिलं ते पाण्यात घालायचं. दिवसभर कोंबड्यांनी तेच पाणी प्यायला हवं, दुसरा थेंबही मिळता कामा नये, असं त्यानं बजावलं होतं. औषध कडू असतं, दुसरीकडे पाणी दिसलं तर त्या याला शिवणारसुद्धा नाहीत. मोरीचा ओलावा नको, बादली नको, गळका नळ नको. अंडी काही दिवस फेकून द्यायची. आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा सगळं असंच, कारण मातीत जंतांची अंडी राहिलेली असतात.

ठरल्या दिवशी सून अंधारात उठली. खुराड्यातला भुसा काढून पोत्यात भरला, फळ्या खरवडल्या. परसातला नळ चिंधीनं आवळून बांधला, बादल्या पालथ्या घातल्या, कुंड्यांखालच्या बशासुद्धा उचलल्या. मग मापानं औषध घालून कोंबड्यांचं पाण्याचं भांडं मधोमध ठेवलं आणि सासूला म्हणाली, आई, आज तुम्ही राखण करा, मला सुट्टी नाही. बाई म्हणाल्या, मी दोनशे बायका राखल्या आहेत, आठ कोंबड्या राखता येणार नाहीत होय?

त्या दारात खुर्ची टाकून बसल्या. 'सासू' पहिली आली, चोच बुडवली, डोकं झाडलं आणि अपमान झाल्यासारखी निघून गेली. मग बाकीच्या आल्या, त्यांनीही तेच केलं. ऊन चढलं. कोंबड्या भिंतीच्या सावलीत चोची उघड्या टाकून धापा टाकू लागल्या. ठिपकी फिरत फिरत बाईंच्या पायाशी आली आणि मान वाकडी करून वर बघत उभी राहिली.

बाईंना तिची कीव आली, हे खरं. आधी कीवच आली. त्या उठल्या, आतून पत्र्याची थाळी भरून आणली आणि लाकडांच्या ढिगामागे ठेवली. घोटभर पाण्यानं काय होतंय, असं मनाशी म्हणत आणली. पण दारातून थेट दिसेल अशी न ठेवता ढिगामागे ठेवली, तेव्हा त्यांच्या हाताला माहीत होतं की हे कीवेचं काम नाही. कोंबड्या तुटून पडल्या. थाळी संपली तशी बाईंनी दुसरी भरली.

दुपार उतरताना त्यांनी औषधाचं भांडं बघितलं. जवळजवळ भरलेलंच होतं. मग त्यांनी ते उचललं, अर्ध्याहून जास्त पाणी लिंबाच्या मुळाशी ओतलं, भांडं जिथल्या तिथे ठेवलं, थाळी धुऊन फळीवर चढवली आणि खुर्चीत येऊन बसल्या. जंतांनी काय कोंबडी मरते, असं त्या स्वतःलाच समजावत होत्या. सगळ्यांच्या पोटात असतात. थोडे दिवस इकडे की तिकडे, एवढंच तर.

सून आली, भांडं बघितलं आणि तिचा चेहरा खुलला. किती शहाण्या आहेत हो, म्हणाली, सगळं प्यायल्या. आणि सासूला म्हणाली, तुमच्या धाकानंच प्यायल्या असतील.

पुढचे दिवस बाईंच्या आयुष्यातले फार गोड गेले, आणि त्यांना ते कळतही होतं. सून रोज सकाळी शीट काडीनं उकरून बघायची. औषध लागलं तर मेलेले जंत पडायला हवे होते, ते काही पडत नव्हते. चष्मेवाल्याला तिनं फोनवर सांगितलं, अजून थोडं थांबावं लागेल. बाईंनी हे भिंतीआडून ऐकलं आणि त्या दिवशी स्वयंपाकात दोनदा मीठ घातलं. संध्याकाळी दोघी ओट्यापाशी उभ्या राहायच्या, सून कारखान्यातल्या गमती सांगायची. कुणी गादीत कात्री शिवून टाकली, कुणी मालकाच्या खुर्चीला टाचणी. बाई हसून हसून डोळे पुसायच्या. इतक्या वर्षांत त्या सुनेसमोर कधी अशा हसल्या नव्हत्या. मुलगा असताना सुनेला धाकात ठेवायचं काम होतं, आणि तो गेल्यावर हसायचं कारण नव्हतं.

एकदा मात्र त्या सापडता सापडता वाचल्या. फेकायची म्हणून बाजूला ठेवलेली अंडी बघून त्यांचा जीव हळहळला. त्यांत औषधाचा थेंब नाही हे फक्त त्यांनाच ठाऊक होतं. त्यांनी एक उकडलं आणि मीठ लावून खायला घेतलं, तोच सून आत आली. तिनं झडप घालून अंडं त्यांच्या हातातून काढून घेतलं, बोटं तोंडात घालून घास काढायला लावला, चूळ भरायला लावली. मग तिथेच खाली बसली.

"तुम्हाला काही झालं तर मी कुणाकडे बघायचं?" ती म्हणाली.

बाईंनी एका अंड्यानं मी मरत नसते असं काहीतरी खेकसून उत्तर दिलं आणि परसात निघून गेल्या. लिंबाला टेकून बराच वेळ उभ्या राहिल्या. त्या वेळी सांगून टाकलं असतं तर पुढचं टळलं असतं. पण गोड दिवस हातचे सोडवत नाहीत.

डॉक्टर म्हणाला, एवढ्यानं भागलेलं दिसत नाही, दुसरी पाळी वेळेवर करा. सुनेनं पुन्हा नळ बांधला, बादल्या पालथ्या घातल्या, मापाच्या खुणेवर डोळा लावून औषध घातलं आणि म्हणाली, आई, आज जास्त लक्ष ठेवा. बाईंनी लक्ष ठेवलं. थाळी पुन्हा ढिगामागे गेली, औषध पुन्हा लिंबाच्या मुळाशी. या खेपेला कीव वगैरे काही आली नाही. हात चोरासारखा सराईत चालला.

चार-सहा दिवसांनी ठिपकी दांडीवरून खाली उतरेना. तुरा वाळलेल्या पाकळीसारखा झालेला, डोळे अर्धे मिटलेले. सुनेनं तिला घरात आणलं, खोक्यात जुना सदरा अंथरला, चुलीजवळ ठेवलं. सदरा मुलाचा होता, बाहीवर डांबराचा डाग असलेला. बाईंनी ओळखला. सून चमच्यानं तिच्या चोचीत पाणी सोडत होती आणि हळू आवाजात तिच्याशी बोलत होती. ए वेडे, एवढा एक घोट घे, तो येऊन विचारेल मला. बाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. तो येऊन कुणालाच विचारणार नव्हता.

सकाळी सून रजा टाकून डॉक्टरकडे निघाली, तशा बाईही निघाल्या. तिच्या एकटीच्या हातात ते खोकं देववेना. पोचेपर्यंत ठिपकी गेलेली होती. डॉक्टर तरुण होता, भला होता. कशानं गेली ते बघायचंय का, असं त्यानं विचारलं, आणि सून हो म्हणाली. त्यानं तिथल्या तिथे पोट उघडलं. आतडं फुगून टरटरीत झालेलं. त्याला चीर दिली तर आत जंतच जंत, सुताची गुंडी दाबून भरावी तसे, वळवळणारे, जिवंत. दाणा पुढे सरकायला वाटच राहिली नव्हती. इतकं खाऊन ती उपाशी मेली होती.

डॉक्टर गोंधळला. दोन पाळ्या झाल्यावर एवढे जिवंत कसे, म्हणाला, दुसरं पाणी नक्की मिळालं नाही ना कुठे?

"छे," सून म्हणाली. "दोन्ही दिवस आई होत्या ना राखणीला. त्यांच्या नजरेतून मुंगी सुटत नाही."

डॉक्टरनं बाईंकडे बघून मान हलवली, आणि मग औषधाचं माप चुकलं असेल, असं म्हणाला. बाईंनी तोंड उघडलं होतं. ते तसंच मिटलं. धुलाईखान्यात त्यांनी कितीतरी बायकांना चोरीपायी कामावरून काढलं होतं, आणि प्रत्येक वेळी त्यांना वाटायचं की चोरी करणाऱ्याच्या तोंडाला चव कशी राहत असेल. राहत नाही, हे त्यांना तिथं त्या टेबलापाशी कळलं.

दोघी खोकं घेऊन घरी आल्या. सुनेनं लिंबाखाली खड्डा खणला. बाईंना वाकता येत नव्हतं, त्या खोकं धरून उभ्या राहिल्या. सदऱ्यासकट ठेवायचं का, असं सुनेनं नजरेनंच विचारलं. बाईंनी मान डोलावली. माती ओढून झाल्यावर सून उठली नाही. गुडघ्यांवर बसून, मातीनं माखलेले हात मांडीवर ठेवून, ती बोलू लागली. मघाशी डॉक्टरच्या दाराबाहेरूनच तिनं चष्मेवाल्याला फोन केला होता. नाही म्हणून सांगितलं होतं. तो फक्त विचार कर म्हणाला. विचार कसला करायचा, ती म्हणाली. माप माझंच चुकलं. दोन्ही वेळा माझं चित्त तिकडे होतं, इथून कधी निघते असं झालं होतं मला. जो गेला त्यानं जिवापाड सांभाळलेली एक कोंबडी मला सांभाळता आली नाही, आणि चालले दुसऱ्याचं घर सांभाळायला. मी कुठे जात नाही आई. मी इथंच राहते तुमच्यापाशी.

एवढंच ऐकण्यासाठी बाईंनी ती थाळी भरली होती. आता ते ऐकलं, आणि त्यांना वाटलं कुणी छातीवर ओल्या चादरींचा गठ्ठा ठेवलाय. सून कायमची राहणार होती. रोज त्यांच्या गुडघ्यांना तेल लावणार होती, रोज हा लिंब बघणार होती, आणि आपल्या हातून काय झालं हे रोज मनात घोळवत म्हातारी होणार होती. गप्प राहिलं की झालं. कुणी बघितलं नव्हतं. कोंबड्या तर सांगायला येणार नव्हत्या.

खड्ड्यावरच्या ओल्या मातीत उरलेल्या कोंबड्या येऊन चोची मारू लागल्या, तशी सुनेनं त्यांना हातानं हाकललं आणि तोच हात डोळ्यांवर फिरवला. गालावर मातीचा पट्टा उठला. बाई दोन पावलं पुढे आल्या. आयुष्यात त्यांनी कुणाची माफी मागितलेली नव्हती, ती कशी मागतात हेही त्यांना ठाऊक नव्हतं. निकाल तेवढा सांगता यायचा.

"रडणं थांबव आणि ऐक," त्या म्हणाल्या. "माप तुझं बरोबर होतं. लाकडांच्या ढिगामागे पाण्याची थाळी मी ठेवत होते. दोन्ही वेळा. तुझं औषध या झाडाला पाजलं मी."

आधी सुनेला कळलंच नाही, आणि मग कळलं, ते बाईंना तिच्या खांद्यांवरून दिसलं. ती हळूच म्हणाली, "का आई?"

"तू जाऊ नयेस म्हणून. दुसरं काय असणार? त्याची कोंबडी मी मारली, तू नाही. आता मधे बोलू नको, मला दोनदा सांगवणार नाही. उद्या उरलेल्यांना औषध घाल आणि जाताना मला आत कोंडून कुलूप लाव. त्या बऱ्या झाल्या की त्यांना उचल आणि त्या माणसाकडे जा. तो ठेवून घेईल त्यांना, त्याला वाट बघता येते. तू या घरात आलीस तेव्हापासून मी तुझ्यात खोट शोधत आले. सगळ्यांना सांगत फिरले, हिला हे येत नाही, हिला ते कळत नाही. सगळं खोटं. तुझ्यात खोट एकच आहे. तू माझ्यावर डोळे झाकून विश्वास ठेवलास. ती तेवढी त्या घरी नेऊ नकोस."